वजीरचं पाणी

वजीरला टेम्पोत चढवायचं कोणी, यावरून तात्यासाहेबांच्या अंगणात सकाळपासून वाद पेटला होता. पुंजारामनं आपला निळा टेम्पो उलटा आणून गोठ्याच्या तोंडाशी लावला होता, मागचं फाळकं पाडलं होतं आणि स्वतः मात्र काचा वर करून आत बसला होता. तात्यासाहेब हातात कासरा घेऊन गोठ्याच्या दारात उभे. आत खांबाशी वजीर. अंगानं वासराएवढा, काळा कुळकुळीत, डोळ्यांवर दोन तांबूस ठिपके. तो बसल्या जागेवरून नुसता बघत होता.

"अरे खाली उतर की! गडी हायेस का कोन हायेस?" तात्यासाहेब ओरडले.

पुंजारामनं काच चार बोटं खाली केली. "तात्या, माह्या घरी लेकरं हायेत. गाडी चालवतो म्हनलं, चालवतो. कुत्र्याला हात लावतो असं कवा म्हनलो मी?"

तात्यासाहेबांनी कासऱ्याचा फास करून आत टाकला. वजीर उठून उभा राहिला, घशातल्या घशात गुरगुरला. तात्यासाहेब दोन पावलं मागं आले ते पार टेम्पोच्या चाकाला टेकले. मग त्यांनी घराकडं तोंड करून हाक मारली.

"आशा! ए आशा! तूच ये बाहेर. तुह्याबिगर कोनाला जवळ करीत नाय ते."

आशाबाई चुलीपुढं बसली होती. भाकरी कधीच झाल्या होत्या, तरी ती लाकडं आतबाहेर करत होती. दुसरी हाक आली तशी उठली. परातीत भाकरी कुस्करली, वर दूध ओतलं, गुळाचा खडा फोडून टाकला. एवढं कौतुक तिनं त्या कुत्र्याचं वर्षभरात कधी केलं नव्हतं. तिच्या बांगड्या वाजल्या तसं वजीरचं शेपटीचं बुटूक हलायला लागलं. तिनं साखळी त्याच्या गळ्यातून सोडून हातात घेतली, परात फाळक्यावरनं आत सरकवली, आणि जनावर परातीमागोमाग मुकाट्यानं टेम्पोत चढलं. परातीत तोंड घालायच्या आधी एकदा त्यानं तिच्याकडं मान वळवून बघितलं. तीही चढतेय ना, एवढंच बघितलं असेल. तेवढ्यात तात्यासाहेबांनी फाळकं लावलं.

"घाटाच्या वर सोडतो," ते म्हणाले. "जित्तं सोडतो हेच लई झालं. लोक तर औषध घाला म्हनू लागले."

टेम्पो फुफाटा उडवत निघून गेला. आशाबाई मोकळी साखळी हातात घेऊन तिथंच उभी राहिली.

आता हे कुत्रं इथं आलं कसं, ते सांगायला पाहिजे. वस्ती कन्नडच्या पुढं, गौताळ्याच्या जंगलाला लागून. मागल्या साली बिबट्यानं तात्यासाहेबांच्या दोन कालवडी नेल्या. त्यांचा मुलगा विश्वजीत संभाजीनगरला कंपनीत कामाला, तिकडंच फ्लॅटमध्ये राहायचा. त्यानं हौसेनं हे रॉटवायलर जातीचं पिल्लू पाळलं होतं. पिल्लू होतं तोवर ठीक, मोठं झालं तसे शेजारीपाजारी कुरकुरायला लागले, त्यात सून संस्कृतीला दिवस गेले. मग विश्वजीतनं त्याला गाडीत घालून वस्तीवर आणलं. शेतावर मोकळं राहील आणि गुरंही राखील, असा त्याचा हिशेब.

जाताना त्यानं आईला बसवून सांगितलं होतं. "आई, दिसायला दांडगं हाये, पन मानसाळलेलं हाये. ह्याची जात कामाची. गुरं हाकायची, गाडे ओढायची, असली कामं ह्यांच्या बापजाद्यांनी केली. ह्याला काम पायजे, न्हाईतर बिघडतं. सकाळ-संध्याकाळ फिरवायचं. ऊन अजाबात सोसत नाय, तवा सावली आन् पानी कायम. आन् एकटं टाकायचं नाय. मान्सात असलं की शानं राहतं."

"व्हय रे बाबा, व्हय," आशाबाई म्हणाली होती. लेक निघताना आई जसं म्हणते तसं.

पहिल्याच आठवड्यात वजीर तात्यासाहेबांना बांधावरनं ओढत ओढत पार नाल्यात घेऊन गेला. त्याला खार दिसली होती. गावभर हसू झालं. घरी येऊन त्यांनी बैलाची साखळी काढली आणि वजीरला गोठ्यातल्या लोखंडी खांबाला बांधलं. ती साखळी मग निघालीच नाही. अद्रकाची लागवड झाली, खुरपणी झाली, पावसाळा गेला, हिवाळा गेला. आशाबाई रोज म्हणायची, एवढं काम उरकलं की मोकळं सोडते. शेतातलं काम कधी उरकतं होय? शहरातल्या दोन खोल्यांत जे कुत्रं माणसाच्या पायाशी झोपायचं, ते पाच एकराच्या रानात खांबाभोवती रिंगण घालत राहिलं. त्या रिंगणातली जमीन घासून घासून खोलगट झाली. मानेवरचे केस गेले.

सुरुवातीला आशाबाई त्याला काठीनं परात सरकवायची. पुढं भीड चेपली. भाकरी खाऊन झाली की वजीर उठायचा आणि आपलं सगळं अंग तिच्या पायावर रेलून उभा राहायचा. चाटणं नाही, उड्या मारणं नाही, नुसतं रेलणं. एवढं वजन की तिला खांब धरावा लागायचा. "सरक मेल्या, मला कामं हायेत," म्हणून ती त्याला ढकलायची. तो सरकायचा आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचा.

आणि मग भाचीच्या लग्नाचा तो दिवस आला. वैशाखातलं ऊन. माहेरच्या गावाला जायचं, जीप उजाडताच दारात येणार. आशाबाईनं नवी साडी नेसली, आहेराची पिशवी घेतली. गोठ्यापुढनं जाताना तिला वजीरचं घमेलं दिसलं. कोरडं. हौद पाच पावलांवर होता. पण बादली भरायची म्हणजे साडीचा काठ भिजणार, आणि तिकडं जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. दुपारपर्यंत येतोच की, असं म्हणून ती जीपमध्ये बसली. दुपारपर्यंत कोण येतं लग्नातून?

बोळाच्या पलीकडं मनकर्णाबाईचं घर. नात्यानं आशाबाईची चुलत जाऊ, वयानं मोठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक सासरी, घरात ती आणि तिची एक म्हैस. भर दुपारी तिला कुत्र्याचा कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. गोठ्याचा पत्रा तापून लाल झालेला, सावली कधीच सरकून गेलेली. वजीरची साखळी खांबाला वेढे घेऊन घेऊन इतकी आखूड झाली होती की त्याला बसताही येत नव्हतं. मनकर्णाबाईनं आपल्या घरनं बादली आणली, घमेल्यात पाणी ओतलं आणि घमेलं पुढं सरकवायला वाकली. तापलेल्या, घाबरलेल्या कुत्र्यानं समोर आला तो हात धरला. उजवा हात, कोपराच्या खाली.

तिची आरोळी ऐकून पुंजाराम धावला. त्यानंच तिला टेम्पोत घालून कन्नडला नेलं. तिथनं संभाजीनगरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, घाटीत पाठवलं, तिथं टाके पडले, सुया सुरू झाल्या.

दिवस कलताना तात्यासाहेब आणि आशाबाई परतले तेव्हा अंगणात सगळी वस्ती गोळा झालेली. पुंजाराम दवाखान्यातून येऊन सांगत होता, "डाक्टर म्हनले, कुत्रं काही दिवस नजरंखाली ठेवा. ते धड राह्यलं तर बाईच्या जिवाला घोर नाय."

गर्दीतनं कोणीतरी विचारलं, "आशाबाई, पानी-बिनी व्हतं का वं त्याला? उन्हाचं पिसाळतं जनावर."

आशाबाईच्या अंगावर लग्नाची साडी, केसांत गजरा. सगळ्यांचे डोळे तिच्यावर. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मंजी काय! सकाळीच घमेलं काठोकाठ भरून गेल्ते मी."

झालं. एवढ्या एका वाक्यावर वजीरचा निकाल लागला. पाणी असून, सावली असून ज्यानं माणसाला फाडलं ते कुत्रं पिसाळलेलंच असणार. डॉक्टर काय म्हणाले ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. तात्यासाहेबांना तर पोलिसपाटील यायच्या आधी कुत्रं दारातनं घालवायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला.

वजीर गेला आणि आशाबाईच्या ताटात अर्धी भाकरी तशीच राहायला लागली. गोठ्यात शेण काढायला गेली की पाय त्या खोलगट रिंगणात पडायचा. भाकरी करताना सवयीनं एक जाड भाकरी जास्तीची व्हायची. तात्यासाहेब म्हणायचे, "कुत्र्यापायी एवढं कोन करतं? बला गेली म्हन." ती उरलेली भाकरी उचलून गुरांना घालायची. काय बोलणार? कुत्र्यासाठी जीव तुटतोय म्हणावं तर खोटं बोलल्याचं कुठं ठेवावं, आणि खोट्याचं सांगावं तर तोंड उघडत नव्हतं.

मनकर्णाबाई हाताला पट्टी बांधून घरी आली. आशाबाई डब्यात वरण-भात घेऊन गेली. मनकर्णाबाईनं डबा घेतला, आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"कुत्रं कसं हाये?"

"सोडलं बाई. लांब. घाटात."

मनकर्णाबाईचं तोंड पांढरं पडलं. "सोडलं? आगं, आन् मग ते पिसाळलेलं व्हतं का नाय, हे मला कसं कळावं?"

"सुया चालू हायेत ना. डाक्टर म्हनले काय व्हत नाय."

"डाक्टरला काय, रात त्याला काढायची नाय," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

त्यानंतर रोज डबा द्यायला जाताना आशाबाईला एक गोष्ट दिसायला लागली, आणि दिसली ती पुन्हा डोळ्यांपुढनं हलेना. रोज सकाळी मनकर्णाबाई ओसरीवर बसायची आणि डाव्या हातानं तांब्या पुढं घ्यायची. तांब्यातल्या पाण्याकडं बघत राहायची. मग एक घोट घ्यायची, गिळायची, थांबायची. पिसाळलेलं कुत्रं चावलेला माणूस पाण्याला भितो, हे तिनं ऐकलेलं. आपल्याला भीती वाटतेय का, हे ती रोज तपासून बघत होती.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आशाबाईला ते बघवलं नाही. "कन्नडला बाजाराला जाते," म्हणून तिनं पिशवी उचलली. बाजाराच्या पिशवीत साखळी होती आणि दोन भाकरी. फाट्यावर येऊन ती उलट्या दिशेच्या जीपमध्ये बसली.

घाटाच्या तोंडाशी कडुबा नावाच्या माणसाचं चहाचं हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, पुढं दोन बाकडी. आशाबाई खाली उतरली, पदर सावरला, आणि विचारू का नको करत उभी राहिली. मग विचारलं.

"दादा, हितं एक काळं कुत्रं... मोठं..."

कडुबानं किटली खाली ठेवली. तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमचं हाये व्हय ते?"

तिनं मान हलवली.

"शाबास तुमची. निळा टेम्पो दिसला की पळतंय त्याच्या मागं. त्या वळनापतुर जातंय, जीभ काढून माघारी येतंय. दुसऱ्या गाडीकडं बघत बी नाय. परवा ट्रकखाली जाता जाता वाचलं. माह्या पोरांनी दगडं मारली, जीपवाल्यांनी मारली. चावलं नाय कोनाला. पाव टाकला तर खाल्ला नाय पहिल्या दिशी." त्यानं हात करून दाखवलं. "ते बघा, मोरीच्या सावलीला."

वजीर रस्त्याखालच्या मोरीत पडलेला होता. बरगड्या वर आलेल्या, एका कानाला रक्त सुकलेलं. आशाबाईनं हाक मारली नाही, तिच्यानं मारवली नाही. नुसती उतरून खाली गेली. बांगड्या वाजल्या असतील. त्यानं डोकं उचललं.

ती मनात म्हणत होती, आता गुरगुरू दे. अंगावर येऊ दे. निदान तोंड तरी फिरवू दे. परातीत गूळ घालून फसवलं होतं त्याला तिनं. पण वजीर उठला, लंगडत लंगडत आला आणि आपलं उरलंसुरलं वजन तिच्या पायावर टाकून रेलला. आशाबाई तिथं दगडगोट्यांत मटकन खाली बसली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. वर रस्त्यावर दोन जीपवाले उभे राहून बघत होते, त्याचंही तिला भान नव्हतं.

कडुबानं न मागता बादलीभर पाणी आणून दिलं. वजीर प्यायला, आणि पुन्हा प्यायला. भाकरी खाल्ली. जीपमध्ये कुत्र्याला कोण घेतंय? ऊन उतरल्यावर दोघं पायीच निघाले. डांबर अजून तापलेलं होतं म्हणून ती त्याला कडंच्या मातीतनं चालवत होती. तिला वाटलं होतं हा ओढणार, आपल्याला नाल्यात नेणार. पण वजीर तिच्या गुडघ्याला लागून चालला. ती थांबली की थांबायचा. समोरनं शेळ्यांचा कळप आला तेव्हा ती घाबरली, तर हा कळपाकडं बघत तिच्या आणि शेळ्यांच्या मध्ये येऊन उभा राहिला, कळप गेल्यावर पुन्हा चालायला लागला. एवढंच पाहिजे होतं ह्याला. कोणाबरोबर तरी चालणं. वर्षभर दारात होतं आणि एवढंसं तिच्यानं झालं नव्हतं.

वस्तीवर पोचली तेव्हा दिवस बुडायला टेकला होता. तात्यासाहेब अंगणात खाटेवर बसलेले, ते ताडकन उठले.

"आगं ए! डोस्कं ठिकान्यावर हाये का तुहं? एवढ्या मुश्किलीनं घालवलेलं..."

"तुमच्याशी मंग बोलते," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून हे वाक्य तिनं नवऱ्याला पहिल्यांदाच ऐकवलं असेल. साखळी हातात धरून ती तशीच बोळ ओलांडून मनकर्णाबाईच्या दारात गेली. कुत्र्याला बाहेर कडुनिंबाला बांधलं.

मनकर्णाबाई ओसरीवर होती. कुत्रं दिसलं तशी ती भिंतीला चिकटली. "आशा, लांब ने त्याला!"

"बांधलं हाये बाई. नुसतं बघा. जित्तं हाये. तोंडाला फेस नाय, काय नाय. आत्ता माह्या म्होरं बादलीभर पानी पेलंय. धड हाये ते. तुमच्या जिवाला काय व्हनार नाय."

मनकर्णाबाई भिंतीला धरून कितीतरी वेळ बघत राहिली. वजीर जमिनीला हनुवटी टेकवून पडला होता. थकून झोपच लागत होती त्याला. मनकर्णाबाईचा श्वास हळूहळू खाली बसला. तिनं डोळ्यांना पदर लावला.

आशाबाई ओसरीच्या खालीच उभी होती. "बाई, आजून येक सांगायचंय. त्या दिशी मी पानी भरलं नव्हतं. साडी भिजंल म्हनून. घमेलं रिकामं बघितलं आन् तशीच गेले. आन् सगळ्यांम्होरं खोटं बोलले."

वाटलं होतं बाई चिडेल. शिव्या देईल. मनकर्णाबाईनं पदर खाली घेतला.

"मला ठावं हाये ते."

"आँ?"

"आगं, पानी वतलं कोनी त्यात? मीच ना? घमेल्याच्या बुडाला हात लावला तर चटका बसला. सकाळी भरलेलं घमेलं असं असतं व्हय?"

आशाबाईनं मान वर केली. "मंग बोलला काहून नाय तुम्ही?"

"मी कशाला बोलू? वरण-भाताचा डबा घिऊन रोज येत व्हतीस. म्हनलं, आज सांगंल, उद्या सांगंल." तिनं पट्टीचा हात मांडीवर घेतला. "हात फाटल्याचं नाय वाटलं एवढं. तू डबा ठिवून मान खाली घालून जायचीस ना, त्याचं वाटायचं."

आत म्हैस हंबरली. धारेची वेळ टळून गेली होती. मनकर्णाबाईनं आपल्या पट्टीकडं बघितलं. बोटं अजून वळत नव्हती. शेजारची आवडाबाई चार दिवस धार काढायला येऊन बघत होती, पण म्हैस तिला पान्हा देत नव्हती. आटून चालली होती.

"चरवी चुलीमागं हाये," मनकर्णाबाई म्हणाली.

आशाबाईला आधी कळलं नाही. मग ती चरवी घेऊन गोठ्यात गेली. तिच्या घरी धारा काढायला गडी होता, तिला सवय राहिली नव्हती. म्हशीनं पहिल्याच लाथेला चरवी उडवली आणि तिला शेणात बसवलं. ओसरीवरनं मनकर्णाबाई बघत होती. ना हसली, ना कीव केली. आशाबाई उठली, हात धुतले, पुन्हा बसली.

त्या दिवसापासून दोन्ही वेळची धार आशाबाईची झाली. पहाटे ती वजीरला घेऊन अद्रकाच्या रानाला फेरी मारायची. वाटेत पारावरची माणसं खाकरायची, कोणी म्हणायचं, "बाई कुत्र्याला नेती का कुत्रं बाईला?" तात्यासाहेबांना लाज वाटायची, ते दुसऱ्या वाटेनं शेतावर जायचे. तिनं पारावर सगळ्यांदेखत पाण्याचंही सांगून टाकलं होतं, त्याचं तर त्यांना आणखी वाटायचं. गोठ्यातला खांब तिनं गड्याकडनं उपटून घेतला. वजीर आता दिवसा तिच्या मागं आणि दिवस मावळल्यावर गुरांजवळ असायचा. बोळात मात्र ती त्याला आखूड धरायची, कारण मनकर्णाबाईची भीती गेली नव्हती. तो दिसला की ती अजून आत जाऊन कडी लावायची. आशाबाई त्याला लांब कडुनिंबाला बांधून यायची, मग कडी निघायची, मग धार.

दोघींत बोलणं असं व्हायचं नाही. आशाबाई बसायची, म्हैस लाथा झाडायची, कधी अर्धी चरवी निघायची, कधी तेवढीही नाही. मनकर्णाबाई खाटेवर बसून बोटं वळवायची, उघडायची, पुन्हा वळवायची.

मृगाच्या तोंडावर आभाळ भरून आलं होतं, वारा पडला होता, त्या सकाळी म्हशीनं पाय हलवला नाही. दूध धो धो उतरलं. चरवी भरून वर फेस आला. आशाबाईनं ती दोन्ही हातांनी उचलून ओसरीवर ठेवली आणि नेहमीसारखी मान खाली घालून निघाली.

"आशा," मागनं आवाज आला.

ती थांबली.

"उद्या जरा लवकर ये. उकाडा वाढला की ती दूध चोरती."